आक्कांचे शुक्रवार

आक्का, सलाम.

तुम्हाला जाऊन अडीच आठवडे झाले आणि तुमचं कपाट मी अजून आवरलेलं नाही. दोनदा उघडलं आणि दोनदा लावून टाकलं, कारण दार उघडलं की आतल्या बाजूला टांगलेली तुमची बायबलच्या वचनाची पाटी समोर येते. नगरच्या घरात ती पुढच्या खोलीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडायची. इथे जयपूरला आलात त्या दिवशी ती बॅगेतून काढून तुम्ही खिळा शोधायला लागलात आणि मी म्हणाले, "आक्का, हॉलमध्ये नको." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग अरुणकडे बघितलंत. तुमचा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. तुम्ही पाटी घेऊन तुमच्या खोलीत गेलात आणि कपाटाच्या दाराला आतून लावलीत. त्यानंतर तीन वर्षं रोज सकाळी तुम्ही साडी काढायला कपाट उघडायचात आणि साडी काढायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ते उघडं ठेवायचात.

मला तुमच्याशी भांडायचंय. होतात तेव्हा भांडले ते पुरलं नाही.

मालवीय नगरच्या त्या पहिल्या फ्लॅटची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती. पुन्हा सांगते, कारण माझी बाजू मांडायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. अरुणची विमा कंपनीतून इकडे बदली झाली तेव्हाची. मालकीणबाईंनी चहा दिला, स्वयंपाकघर दाखवलं, आणि कोपऱ्यातल्या संगमरवरी कोनाड्याकडे बोट करून म्हणाल्या, "मंदिर यहाँ रख लेना." मी भोळेपणाने म्हणाले, "हमें नहीं लगेगा जी, हम क्रिश्चियन हैं." दुसऱ्या दिवशी फोन आला की घर भाच्याला द्यायचं ठरलंय. तो भाचा काही शेवटपर्यंत आला नाही, फ्लॅटची जाहिरात मात्र चार महिने दिसत होती. आमची अनू दहावीत, सामान गोडाऊनमध्ये, आम्ही तिघं ऑफिसच्या गेस्टहाउसच्या एका खोलीत. मग आदर्श नगरचं हे घर बघायला आलो. घरमालक आमेरला राहतात, त्या दिवशी मुद्दाम आले होते. म्हणाले, "हमें हिंदू फॅमिली ही चाहिए. आप तो जाधव हैं, महाराष्ट्र के. मराठा लोग. है ना?"

"हां जी," मी म्हणाले.

बस, एवढंच. अरुणकडे त्यांनी बघितलंही नाही आणि अरुणने त्यांच्याकडे. आमची नावंही तशी सोयीची. जाधव. अरुण, कृपा, अनू. कुणाच्याच नावात काही सापडत नाही. त्या एका "हां जी"वर आम्ही पाच वर्षं या घरात राहिलो.

तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला हे सगळं सांगून वचन मागितलं. तुम्ही पस्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होतात. खेड्याखेड्यात सायकलवरून जायचात, कुणाच्याही ओट्यावर बसून आपण कोण आणि कुणाच्या नावाने आलोय ते सांगायचात. अशा बाईकडे मी वचन मागत होते. तुम्ही बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलात. मग म्हणालात, "कृपा, मी आपणहून सांगणार नाही. पण मला कुणी सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे तुला चालेल?"

मला चालणारच होतं. कारण सरळ कोण विचारतंय? सगळ्यांनी मनात उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. तीन वर्षांत एकदाच कुणी विचारलं, ते पुढे येईलच, आणि तुम्ही वचन पाळलंत. तुम्ही वचन मोडलं असतंत तर किती बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मोडलं असतंत तर मी तुम्हाला नगरच्या गाडीत बसवलं असतं हेही खरं.

रविवारचं आठवतं? सकाळी आपण सिटीतल्या चर्चला निघायचो आणि शेजारच्या माथुर भाभी फाटकाशी उभ्या असायच्या. "सुबह-सुबह कहाँ?" मी म्हणायची, "सब्ज़ी लेने." मग ते खोटं होऊ नये म्हणून भक्ती संपल्यावर मी खरोखरच भाजी घ्यायची. पाच वर्षं या घरात रविवारी ताजी भाजी चुकली नाही. एकदा तुमचं पवित्र शास्त्र मी पिशवीत तळाला घातलं आणि वर कोथिंबीर, मुळे, पालक. फाटकातून आत आल्यावर तुम्ही पिशवी माझ्या हातातून घेतलीत आणि अंगणातच सगळी रिकामी केलीत. "शास्त्र भाजीखाली ठेवायचं नाही, कृपा. भाजी शास्त्राखाली ठेव. मुळ्याला चालतं." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर तुम्ही ते पदराखाली धरून न्यायला लागलात, आणि मी तुमच्या चार पावलं पुढे चालायला लागले.

आणि नाताळचा तारा. तो तुम्हाला गच्चीवर हवा होता. मी तो मागच्या खिडकीत लावला, जिथून समोर फक्त पाण्याची टाकी दिसते. गल्लीतली पोरं लाल टोप्या घालून फिरत होती, चौकातल्या बेकरीने दारात झाड उभं केलं होतं, भाभींनी नातवाला व्हिडिओ कॉलवर "मेरी क्रिसमस" म्हणून घेतलं. सगळ्या आदर्श नगरात नाताळ होता, फक्त आपल्या घरी नव्हता. तारा अजून तिथेच आहे. काढायचा राहिला.

शुक्रवारचा घोळ मात्र मी केला नाही. म्हणजे केला, पण आधी तो आपोआप झाला. तुमची शुक्रवारची उपास-प्रार्थना. सकाळपासून पाण्यावर, संध्याकाळी खिचडी. भाभी एकदा दुपारी कढी घेऊन आल्या आणि तुम्ही म्हणालात, "आज मेरा उपवास है." भाभींचा चेहरा उजळला. "शुक्रवार का? संतोषी माता का?" तुम्ही तोंड उघडलंत. विचारलंच होतं त्यांनी, सरळ विचारलं होतं. पण मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि म्हणाले, "हां भाभी, बरसों से करती हैं." तुमचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं.

मग काय विचारता. त्या व्रतात आंबट चालत नाही, म्हणून शुक्रवारी भाभींच्या घरून येणाऱ्या वाटीत लिंबू नाही, कैरी नाही, दही नाही. तुम्हाला तर लिंबाच्या लोणच्याशिवाय खिचडी उतरत नाही. भाभी गेल्या की तुम्ही हळूच बरणी काढायचात. आणि पुढच्या महिन्यापासून भाभींनी स्वतःही शुक्रवार धरला. "दीदी करती हैं तो मेरा भी हो जाएगा, साथ रहेगा." त्यांचा मुलगा बबलू जर्मनीत, दोन-दोन महिने फोन नाही, त्याच्यासाठी. संध्याकाळी त्या गूळ-चण्याचा प्रसाद घेऊन यायच्या. तुम्ही दोन्ही हातांनी घ्यायचात, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचात, आणि त्या वळल्या की वाटी माझ्या हातात द्यायचात. तुम्ही तो कधी खाल्ला नाहीत. मी खायची. माझं काय, मी सगळंच गिळत होते.

त्याच सुमारास माथुर भाईसाहेबांच्या पायाची जखम चिघळली. साखरेचा आजार, डॉक्टर अंगठा काढायचं म्हणत होते. तुम्ही रोज सकाळी आठला इन्सुलिन द्यायला आणि ड्रेसिंग करायला जायला लागलात. ड्रेसिंग चार महिने चाललं, इन्सुलिन शेवटपर्यंत. अंगठा वाचला. मग गल्लीतल्या कुणाकुणाची इंजेक्शनं, कुणाच्या आजीच्या पाठीवरच्या जखमा. भाभींनी विचारलं, "दीदी ने ये सब सीखा कहाँ?" आणि मी तोंडावर तयार ठेवलेलं उत्तर दिलं, "सरकारी अस्पताल में थीं."

आपलं मोठं भांडण झालं ते त्या दिवशी. तुम्ही आवाज चढवलात, मीही चढवला. खिडक्या लावून, अर्थात. तुम्ही म्हणालात, "लोक माझ्या पाया पडतात, कृपा. देवी म्हणतात मला. हे हात कुणाचे आहेत ते मी सांगायचं नाही, आणि पाया पडून घ्यायचं?"

"तुमची सेवा हीच साक्ष आहे," मी म्हणाले. "बोलायला कशाला हवं?"

"बोलणं टाळायला सेवा करत नाही मी. तू माझ्या सेवेला बुरखा घालतेस."

"आणि बोललं तर काय होईल माहीत आहे? म्हणतील, बाई सुई टोचता टोचता बाटवते. तुमचं खेडं नाही हे. दिवस कसले आहेत ते पेपरात वाचता ना?"

"मला कुणाला कुठे न्यायचं नाही गं," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज एकदम खाली आला. "मी कोण आहे एवढंच सांगायचंय. माणसाला तेवढं तरी सांगता यावं."

पण ज्या भीतीने मी हे सगळं केलं ती भीती खोटी नव्हती, आक्का. हे तुम्ही एकदाही मान्य केलं नाहीत. तुम्ही अंगात धैर्य घेऊनच जन्माला आला होतात, आणि ज्याच्याकडे असतं त्याला वाटतं ते सगळ्यांच्याच घरात डब्यात भरून ठेवलेलं असतं. माझा डबा रिकामा होता. यावर तुम्ही माझ्यावर थोडीशी दया करायला हवी होती. नाव तर दयाच होतं तुमचं.

केली होती बहुतेक, तुमच्या पद्धतीने. शुक्रवारी सकाळी तुम्ही गच्चीवर जायचात ते ऊन खायला, असं मी समजत होते. एकदा वाळवण आणायला वर आले तर तुम्ही कठड्याला धरून उभ्या होतात आणि एकेका घराकडे बघून पुटपुटत होतात. दर शुक्रवारी एक घर, ओळीने. त्यांचं आजारपण, त्यांची नोकरी, त्यांची पोरं, सगळं नावानिशी. ते संपल्यावर म्हणालात, "आणि प्रभू, आमच्या कृपाच्या जिभेसाठी." मी तशीच वाळवण न घेता खाली आले. दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. माझ्या जिभेला काय झालंय, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण तुम्ही सांगितलं असतंत.

आणि मग तो बुधवार.

दहा वाजले असतील. भाईसाहेबांचं इन्सुलिन देऊन तुम्ही आला होतात आणि व्हरांड्यात मटार सोलत बसला होतात. ताट पडल्याचा आवाज आला. मी आले तेव्हा मटार सगळीकडे घरंगळत होते आणि तुम्ही खुर्चीत तिरप्या झाला होतात, हात छातीवर. मी ओरडले. भाभी दोन अंगणांमधल्या पडक्या भिंतीच्या फटीतून धावत आल्या, तुमच्याकडे एकदा बघितलं आणि उलट्या पावली घरी पळाल्या. मी अँब्युलन्सला फोन लावत होते. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पितळी लोटी होती आणि तुळशीचं पान.

"दीदी, मुँह खोलो. गंगाजल है."

तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही शुद्धीवर होतात, हे मी शपथेवर सांगते. तुम्ही भाभींकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलंत. "भाभी, नको" एवढे दोन शब्द होते, कोणत्याही भाषेत चालले असते. तुम्ही वाट बघितलीत. मला कळत होतं की तुम्ही वाट बघताय.

मी बोलले नाही.

मग तुम्ही तोंड उघडलंत, पाणी घेतलंत आणि गिळलंत. जिने तीन वर्षांत चण्याचा एक दाणा तोंडात टाकला नाही, तिने. आणि तुमचा हात छातीवरून निघून भाभींच्या मनगटावर गेला.

त्या नजरेचं काय करू मी? रात्रंदिवस मला हाच प्रश्न आहे. मला कधी वाटतं, शेवटच्या श्वासापर्यंत तुम्ही मला दिलेलं वचन पाळलंत. कधी वाटतं, तुम्ही पाण्याकडे बघितलंच नाही, ज्या हाताने ते दिलं तो हात बघितलात, आणि त्या हाताला नाही म्हणायचं नाही असं ठरवलंत. पण पहाटे जाग येते तेव्हा वाटतं की हे दुसरं मी माझ्या सोयीसाठी रचलंय. तुम्हाला फक्त वाईट वाटलं असेल. साधं, सरळ वाईट. मी तुम्हाला स्वतःच्या मरणातही स्वतः होऊ दिलं नाही. अरुण म्हणतो, इतका विचार करू नकोस. तो तसाही कमीच करतो.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की सगळं संपलंय. दुपारी एकला तुम्हाला घरी आणलं तोवर अंगण भरलं होतं. अख्खी गल्ली आली होती आक्का, ज्यांना ज्यांना तुम्ही सुई टोचली होती ते सगळे. बायका रडत होत्या, खोट्या नाही. पुरुषांनी भराभर कामं वाटून घेतली होती. बांबू आले, सुतळी आली, गवताच्या पेंढ्या आल्या. कुणीतरी पंडितजींना फोन लावला होता. एक काका वहीचं पान घेऊन अरुणजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जाधवजी, गोत्र बता दीजिए. और अग्नि तो आप ही देंगे?"

अरुणने मान खाली घातली. मग मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं. तुम्ही बघितलंत तसंच. तुम्ही भावंडं बघता एकसारखी, हे मला बावीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "भाईसाहब, इनको जलाना नहीं है. दफनाना है. दीदी क्रिश्चियन थीं. हम लोग क्रिश्चियन हैं. शुरू से."

कुणाच्या तरी हातातलं सुतळीचं बंडल सुटून पायऱ्यांवरून घरंगळत गेलं. ज्यांच्या हातात बांबू होता त्यांनी तो आपटला नाही, वाकून अलगद खाली ठेवला. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. दोघे-तिघे चपला घालून निघाले, मग आणखी काही. भाभी तुमच्या उशाशी बसल्या होत्या. लोटी अजून त्यांच्याजवळच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "तो वो गंगाजल?"

त्यांनी लोटी पदराखाली घेतली आणि मधल्या फटीतून घरी गेल्या.

तुमची प्रार्थना ऐकली गेली, आक्का. माझी जीभ सुटली. फक्त बांबू येईपर्यंत वाट बघावी लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला माती दिली. अनू पुण्याहून सकाळच्या विमानाने आली. चर्चची वीस-बावीस माणसं होती, पाळकसाहेबांनी हिंदीतून प्रार्थना केली, आणि मी आणि अरुणने मराठीतलं तुमचं आवडतं गीत म्हटलं, दोघंही बेसूर. गल्लीतून एकच माणूस आला. माथुर भाईसाहेब, काठी टेकत, तुम्ही वाचवलेल्या अंगठ्यावर जोर देत. ते कब्रस्तानाच्या आत आले नाहीत. फाटकाशी चपला काढून शेवटपर्यंत उभे राहिले. थंडीतल्या फरशीवर अनवाणी, साखरेच्या पायांनी. तुम्ही असतात तर रागावला असतात.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कुणी काही केलेलं नाही. दूधवाला येतो, इस्त्रीवाला येतो. फक्त मंगळवारच्या कीर्तनाला मला बोलावणं आलं नाही, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की समोरच्या गच्चीवरच्या बाईला अचानक खाली काहीतरी काम आठवतं. घरमालकांना कुणीतरी सांगितलं असणारच. अरुण रोज संध्याकाळी विचारतो, "फोन आला का?" आणि मोबाइलवर टू बीएचके बघत बसतो. मधली फट मोकळी. दोन शुक्रवार गेले, भाभी आल्या नाहीत. मला त्यांचा रागही आला. मग राग कुणाचा यायला हवा ते आठवून गप्प बसले.

काल तिसरा शुक्रवार. अकराच्या सुमारास त्या आल्या. फटीतून नाही, फाटकातून, बेल वाजवून. हातात लोणच्याची बरणी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"ये दीदी के नाम का डाला था," त्या म्हणाल्या. "नींबू का. धूप में रखा था, तभी..." मग एकदम म्हणाल्या, "खट्टा पसंद था उनको?"

"बहोत."

"शुक्रवार को भी खाती थीं?"

"आपके जाने के बाद," मी म्हणाले.

त्या हसल्या, आक्का. खरंच हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. "तीन साल. तीन साल से मैं सोचती थी हम दोनों साथ में कर रहे हैं. पड़ोस में कोई है जो मेरे साथ भूखा है." त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "तो वो करती क्या थीं शुक्रवार को?"

मी त्यांना गच्चीचं सांगितलं. एकेक घर, ओळीने. त्यांच्या घराची पाळी आली की भाईसाहेबांचा पाय, भाभींचे गुडघे, आणि बबलू. त्या ऐकत राहिल्या. खुर्चीवर केव्हा बसल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"और वो गंगाजल?" त्यांनी विचारलं. "उनको बुरा लगा होगा? मैंने पाप किया?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आणि तुमच्या मनात काय होतं याचं एक सुंदर उत्तर मी अडीच आठवडे घासूनपुसून ठेवलं होतं. ते मी दिलं नाही. मला खरं माहीत नव्हतं, आणि खोटं गोड बोलून मी पाच वर्षं काढली होती.

"पता नहीं भाभी," मी म्हणाले. "पर आपने कोई पाप नहीं किया. आपने जो अपनी माँ को देतीं, वो दिया. मैं सामने खड़ी थी और चुप रही. संतोषी माता वाली बात भी मैंने कही थी, उन्होंने नहीं. वो तो बोलने वाली थीं. मैंने बोलने नहीं दिया. किसी को भी नहीं बताने दिया. गलती मेरी है."

भाभींनी माफ केलं नाही. उठल्या, पदर नीट केला आणि फाटकापर्यंत गेल्या. मी मागे गेले. आत कुठून बळ आलं ठाऊक नाही, पण म्हणाले, "भाभी, आज शुक्रवार है. दीदी की जगह मैं ऊपर जाने वाली हूँ. आपके घर के लिए माँगूँ?"

"दीदी ने तो कभी पूछा नहीं."

"मैं पूछ रही हूँ. आप ना कहेंगी तो नहीं करूँगी."

त्या फाटकाची कडी हातात धरून उभ्या राहिल्या. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली तरी उभ्याच. मग म्हणाल्या, "बबलू मत कहना. विवेक कहना. पूरा नाम लेना, विवेक माथुर. उधर बबलू से कौन पहचानेगा." आणि गेल्या. फाटकातून बाहेर पडल्या आणि त्यांच्या फाटकातून आत, रस्त्याने वळसा घालून. फट त्यांनी वापरली नाही.

मी गच्चीवर गेले. मला तुमच्यासारखं येत नाही आक्का, मला नुसतं कठड्याला धरून उभं राहायलाच लाज वाटत होती. समोरच्या गच्चीवर बाई होती. यावेळी ती खाली गेली नाही, बघत राहिली. मी विवेक माथुरचं नाव घेतलं, मोठ्याने. भाईसाहेबांच्या पायाचं नाव घेतलं. त्या अंगणात बांबू अलगद ठेवणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, ते नाव न घेताच मागितलं. तेवढ्यात खाली फोन वाजायला लागला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मला कळलं कुणाचा असणार ते. पण मी मधूनच उतरले नाही. शेवटी तुम्ही मागायचात ते माझ्या जिभेसाठी मीच मागितलं आणि मग खाली आले.

आमेरचाच नंबर होता. अरुण ऑफिसमध्ये, अनू परत गेलेली. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. फोन पुन्हा वाजला. घरमालक आधी सर्दी-पडशाचं बोलले, मग थंडीचं. मग जरा थांबून म्हणाले, "बहनजी, बुरा मत मानिएगा. सुना है आप लोग क्रिश्चियन हैं?"

पाच वर्षांपूर्वी याच माणसाने विचारलं होतं आणि मी दोनच शब्द बोलले होते. कालही तेच दोन बोलले, आक्का.

"हां जी."